समुद्रतळीचे राज्य आणि आपले शहाणपण

मुलाच्या हातातील चित्रकथा हिसकावून घेणे हे कित्येक सुशिक्षित घरांत आजही पालकांचे कर्तव्य समजले जाते. त्यातून कथेतले राज्य समुद्राच्या तळाशी असले आणि तिथला राजा पाण्यात श्वास घेत असला, म्हणजे तर विचारायलाच नको. ‘असल्या भाकडकथांनी मुले बिघडतात’ हा पहिला आक्षेप. आणि ‘हे सारे आमच्या पुराणांत आहेच, परक्यांचे उष्टे कशाला?’ हा दुसरा. हे दोन्ही आक्षेप एकाच मुखातून बाहेर पडतात, याचे नवल वाटते. जे भाकड म्हणून टाकून द्यायचे, तेच मूळचे आपल्या घरचे म्हणून मिरवायचे, हा कोणता न्याय? आमचे स्पष्ट मत असे की, या दोन्ही न वाचण्याच्या सबबी आहेत.

पहिल्या आक्षेपाचा विचार एका प्रत्यक्ष अंकावरून करू. अमेरिकेत ‘मार्व्हल कॉमिक्स’चा पहिला अंक ऑक्टोबर १९३९ या तारखेने निघाला, युरोपात महायुद्धाला नुकतेच तोंड लागले होते. त्यात बिल एव्हरेट या चित्रकाराने नेमोर नावाच्या समुद्रपुत्राची कथा रंगविली आहे. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या एका जहाजावरील स्फोटांनी तळाशी राहणाऱ्या लोकांचा संहार होतो. हेरगिरीसाठी वर पाठविलेली तिथली राजकन्या त्याच जहाजाच्या कप्तानाशी विवाह करते. नेमोर हा त्यांचा मुलगा. मानवजातीवर सूड उगविण्यासाठीच तो वाढविला जातो आणि याच अंकात पाणबुड्यांचे प्राणही घेतो. चित्रे ओबडधोबड आहेत, संवाद ठोकळेबाज आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याच्या अपराधाचा सूड घ्यायचा त्याचेच रक्त आपल्या अंगात आहे, ही अवस्था पोरकट खचित नव्हे. आपण ज्याला प्रगती म्हणतो ती खालच्या माणसाला कशी दिसत असेल, हा प्रश्न ही स्वस्त पुस्तिका मुलापुढे टाकते. मोठमोठ्या बांधीव ग्रंथांतही तो सर्रास आढळतो असे नाही.

आता दुसरा आक्षेप. त्याच्या जोडीला एक व्यावहारिक शंकाही येते : हिंगोलीसारख्या, सागरापासून शेकडो मैल दूर असलेल्या जिल्ह्यातील मुलाला समुद्रतळीच्या राज्याचे काय होय? शंका घेणाऱ्याने औंढा नागनाथाला जाऊन यावे. तेथील शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या उतरून दर्शन घ्यावे लागते. आणि ज्या दारुकावनाशी या ज्योतिर्लिंगाचे नाते सांगतात, त्या वनाची शिवपुराणातील कथाच समुद्रातील राज्याची आहे. पृथ्वीवर प्राण्यांना पीडा द्याल तर मराल, असा शाप और्व ऋषींनी राक्षसांना दिला. तेव्हा पार्वतीच्या वराच्या बळावर दारुका राक्षसीने सारे वन उचलून समुद्राच्या मध्यावर नेले. शाप पृथ्वीपुरता, पाण्यावर तो कसा चालणार? आजचा निष्णात वकीलही याहून सुबक पळवाट काढू शकणार नाही! मग नावांतून जाणारे लोक धरून बंदीत टाकणे सुरू झाले. त्यांत सुप्रिय नावाचा वैश्य होता. बंदिवासातही त्याने शिवपूजा सोडली नाही आणि इतर बंद्यांनाही ती शिकविली. अखेर शंकर विवरातून प्रकट झाले आणि राक्षसांचा नाश झाला.

हे दारुकावन आपले, असे द्वारकेजवळचे नागेश्वर आणि अल्मोड्याकडील जागेश्वरही म्हणतात. स्थळाच्या या वादात आपण हिरिरीने उतरतो. पण घरच्या मुलाला सुप्रियाची गोष्ट सांगायला कितीजणांना सवड होते? ‘आमच्याकडे आहेच’ म्हणणाऱ्याने निदान आपल्याकडे काय आहे ते वाचलेले असावे. ते वाचले असता दिसेल की या दोन कथांत उसनवारी नाही. एकीत समुद्राचे राज्य हा तुरुंग आहे आणि धैर्य बंदिवानाचे आहे. दुसरीत ते राज्य पीडितांचे आहे आणि रोष राजपुत्राचा आहे. दोन्ही वाचणाऱ्या मुलाचे कल्याणच होईल. एकीच्या नावाने दुसरी हिसकावणारा मात्र त्याला दोहोंनाही मुकवितो.

मराठीत हा प्रवाह नवा नाही. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने अमेरिकन फँटमला ‘वेताळ’ हे अस्सल देशी नाव देऊन मराठी घरांत आणले. १९९० मध्ये ती मालिका बंद पडली. त्या अंकांवर वाढलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे आणि घर आवरताना तेच अंक रद्दीवाल्याच्या तराजूत घालीत आहे. मासिकांचे जुने अंक आपण कापडी बांधणी करून ग्रंथालयात ठेवतो, ते त्यांतील प्रत्येक लेख अमर असतो म्हणून नव्हे, तर एका काळाने काय वाचले याचा तो पुरावा असतो म्हणून. बालपणाच्या वाचनाला तोच न्याय का नसावा? जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांनी असे अंक मागून घ्यावेत, बांधून ठेवावेत, आणि त्यांच्या शेजारी दारुकावनाची कथाही मुलांच्या हाताला येईल अशी ठेवावी. पालकांना आमचे सांगणे एवढेच : अंक हिसकावण्यापूर्वी तो एकदा वाचावा. वाचून मग निंदा करावी. तिला काही किंमत तरी राहील.