हास्याच्या पिकावर मालकी कुणाची?

इंटरनेटवर तरुण मुले ज्या विनोदी रीमिक्स चित्रफिती तयार करतात, त्यांच्याकडे आपल्या सुशिक्षित समाजाने अद्याप गंभीरपणे पाहिलेले नाही. रिकामटेकड्यांचा उद्योग, एवढ्या एका शेऱ्यावर हा विषय निकालात काढला जातो. परंतु ज्या करमणुकीत लाखो माणसे रोज रमतात, जिच्यात असंख्य तरुण आपले श्रम ओततात आणि जिच्यातून बड्या कंपन्या पैसा मिळवतात, तिची उपेक्षा करून चालणार नाही. तिच्यात कलेचा प्रश्न आहे. त्याहूनही अधिक, मालकीचा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीने देश घरात कोंडला गेला असताना, औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, यशराज मुखाटे या तरुण संगीतकाराने ‘साथ निभाना साथिया’ या हिंदी मालिकेतील एक प्रसंग उचलला. सासू कोकिलाबेन सुनेची उलटतपासणी घेते आहे: स्वयंपाकघरात कोण होते, आणि कुकरमधले हरभरे काढून रिकामा कुकर शेगडीवर कोणी चढवला? मुखाटे यांनी त्यात पदरचा एकही संवाद घातला नाही. साध्या बोलण्यातही स्वरांचे चढउतार असतात; ते त्यांनी हेरले, त्यांच्याखाली वाद्यांची साथ दिली, ताल धरला आणि नेमक्या शब्दांची पुनरावृत्ती केली. बघता बघता साऱ्या देशाच्या तोंडी ते गाणे झाले. लोक हसले ते कोणा व्यक्तीला नव्हे. रिकाम्या कुकरसाठी न्यायसभा भरवणाऱ्या दूरचित्रवाणीच्या थाटाला ते हसले. दहा पानी समीक्षालेखाने जे साधले नसते ते दीड-दोन मिनिटांच्या गाण्याने साधले.

या कलेची दुसरी शाखा म्हणजे दृश्य तेच ठेवून संवाद बदलणे. पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि आसपासची गावे ही आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती. मराठी रंगभूमीने व चित्रपटाने या समाजाची बोली बहुधा हसण्यापुरतीच जवळ केली. आज त्याच बोलीतील संवाद हिंदी-इंग्रजी चित्रपटांतील महावीरांच्या तोंडी बसवले जातात आणि जग जिंकायला निघालेला सेनापती हळदीच्या मानपानावरून किंवा सुक्या मासळीच्या भावावरून हमरीतुमरीवर येतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. पडद्यावरील ओठ जेथे मिटतात तेथे प, ब, म यांपैकीच एखादे अक्षर पडावे लागते. मूळ वाक्य जेवढे लांब तेवढेच नवे वाक्य असावे लागते. आणि चेहऱ्यावरचे गांभीर्य जराही ढळत नसल्यामुळेच शब्दांतील घरगुती तक्रार अधिक खुलते. यात बोली हास्यास्पद ठरत नाही; हास्यास्पद ठरतो तो सेनापतीचा तोरा.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. तमाशाच्या वगातील राजा शेजारच्या गल्लीतल्या माणसासारखा बोलतो आणि सोंगाड्या त्याची फजिती करतो. १९२५ मध्ये केशवकुमारांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध करून कवितेतील कृत्रिमतेला तिच्याच चालीत हसवले. आजची मुले याच परंपरेची वारसदार आहेत. फरक आहे तो साधनांचा आणि त्या साधनांच्या मालकीचा.

यूट्यूबवर चढणारी प्रत्येक चित्रफीत एक यंत्रणा कंपन्यांनी नोंदवलेल्या गाण्यांशी व दृश्यांशी ताडून पाहते. साम्य आढळले की मूळ हक्कदाराला ती चित्रफीत बंद पाडता येते किंवा तिचे उत्पन्न स्वतःकडे वळवता येते. हक्कभंगाचे तीन ठपके ९० दिवसांत बसले तर निर्मात्याचे सारे खातेच बंद होऊ शकते. चोरी कोणती आणि चेष्टा कोणती, हे यंत्राला कळत नाही. दाद मागण्याची सोय आहे. पण खेड्यातला एकटा मुलगा कंपनीच्या वकिलांशी किती काळ झुंजणार? उलट लाभ मात्र कंपनीचा निश्चित होतो. मुखाटे यांच्या गाण्याने २०१७ मध्ये संपलेल्या मालिकेचे नाव पुन्हा घरोघर पोचले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचे दुसरे पर्व सुरू झाले. मुखाटे यांना नाव आणि काम मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु त्यांच्यासारख्या अगणित अनामिकांच्या वाट्याला काय येते?

गव्हाणच्या परिसराने हा प्रश्न निराळ्या रूपात पाहिला आहे. नवी मुंबईसाठी या भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या लढ्यात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन आणि चित्रफीत यांची तुलना कोणाला ओढूनताणून केलेली वाटेल. पण हिशेब पाहावा. शेतकऱ्याला सांगण्यात आले की, जमिनीची किंमत वाढते ती विकासाने. मूळ मालकाने वाढीव किमतीवर हक्क सांगू नये. रीमिक्स करणाऱ्याला सांगण्यात येते की, किंमत असते ती मूळ मालकीची. वर श्रम करून विकास करणाऱ्याने हक्क सांगू नये. दोन्ही ठिकाणी तत्त्व उलटे, आणि दोन्ही ठिकाणी हात हलवत परतणारा माणूस मात्र एकच!

आपला स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात खाजगी उपयोग, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांना रास्त वापराची मुभा आहे. विडंबनाचा शब्दही नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या राजकीय नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला टीकेच्या या मुभेचे संरक्षण दिले. पण प्रत्येक मुलाने उच्च न्यायालय गाठावे काय? ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनाला कायद्यात स्पष्ट स्थान दिले. कॅनडाने ते २०१२ मध्येच दिले होते. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या राजकीय विडंबनगीतांवरून मुंबईत खारच्या स्टुडिओची मोडतोड झाली आणि त्याच सुमारास टी-सीरिजने त्या चित्रफितीवर स्वामित्वहक्काचा दावा लावल्याचे कामरा यांनी जाहीर केले. रस्त्यावरची दांडगाई निदान दिसते तरी. दाव्याची मुस्कटदाबी गाजावाजा न करता होते.

मूळ लेखकाचे, गायकाचे व नटाचे श्रमही श्रमच आहेत, हा आक्षेप रास्त आहे. आख्खा चित्रपट वा आख्खे गाणे फुकटात वाटणाऱ्याची कड येथे कोणी घेत नाही. परंतु ज्याने मूळ कृतीला नवा अर्थ दिला त्याने नवनिर्मिती केली आहे. म्हणून कायद्यात विडंबनाला स्पष्ट मुभा हवी, यंत्राच्या निर्णयावर माणसाकडून त्वरित फेरविचार हवा, आणि उत्पन्न वाटायचेच असेल तर त्यात रीमिक्सकाराला आणि मूळ कलावंताला वाटा हवा. सारे कंपनीच्या तिजोरीत जाता कामा नये.

हा हक्क मागणाऱ्या तरुणांनी एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. आक्रोश करणारी गरीब बाई, तोतरा बोलणारा फेरीवाला, कॅमेऱ्यापुढे गांगरलेला खेडूत यांच्या फितींनाही ताल लावला जातो आणि खूप हशा मिळतो. वगातल्या सोंगाड्याने राजाची फजिती केली म्हणून तो लोकांचा झाला; दारातल्या भिकाऱ्याची टिंगल करून नव्हे. विडंबनाला कायद्याचे संरक्षण मागायचे ते बलवंतांना हसता यावे म्हणून. दुबळ्यांना हसण्यासाठी कायद्याची मुभा कधीच लागली नव्हती.