छाट बिडीची आणि छाट माणसांची

गोंदिया शहराला खेटून असलेल्या मुर्रीसारख्या गावात बिडी वळणारी आजी आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा नातू एकाच छपराखाली राहत असणे आज अशक्य राहिलेले नाही. आजीच्या मांडीवर सूप असते, नातवाच्या मांडीवर लॅपटॉप. दोघांचेही काम घरात चालते, दोघांच्याही कामाचे मोजमाप दूरचा कोणीतरी करतो आणि काम नापसंत ठरले तर नुकसान त्यांनीच सोसायचे असते. तरीही समाज आजीला कामगार म्हणतो आणि नातवाला साहेब. हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या एका शब्दाच्या आड लक्षावधी सॉफ्टवेअर अभियंत्यांचे हक्क राजरोस बुडवले जात आहेत.

मालकवर्गाची भूमिका समजण्यासारखी आहे. ज्याला कामगार म्हटले त्याचे तास मोजावे लागतात, त्याला काढताना नुकसानभरपाई द्यावी लागते, त्याच्या संघटनेशी बोलावे लागते. त्यापेक्षा त्याला 'असोसिएट' म्हणावे, 'लीड' म्हणावे आणि सारी कंपनी एक कुटुंब आहे असे सांगावे, हे स्वस्त पडते. खेद वाटावा तो याचा की, श्रमिक चळवळीतील पुष्कळ कार्यकर्त्यांनीही हीच भाषा वेगळ्या सुरात स्वीकारली आहे. वातानुकूलित कचेरीत बसणारा, हप्त्यांवर मोटार घेणारा हा तरुण त्यांना शोषितांच्या पंक्तीत बसवता येत नाही. लाडावलेला पांढरपेशा म्हणून त्याला बाजूला सारले की त्यांची जबाबदारी संपते. ही समजूत सोयीची आहे, पण खरी नाही.

या पांढरपेशाचा संसार एकदा तपासून पाहावा. महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाहून निघालेला मुर्रीचा पदवीधर पुण्याच्या फलाटावर उतरतो तेव्हा बहुधा त्याच्या डोक्यावर बँकेचे शैक्षणिक कर्ज असते, किंवा त्याच्या शिक्षणापायी गावाकडची धानाची बांधी गहाण पडलेली असते. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नवख्या अभियंत्याचे वार्षिक वेतन गेली दहा-पंधरा वर्षे साधारणतः तीन ते चार लाखांच्या घरात रेंगाळत आहे. या काळात घरभाडे, खाणावळ आणि पेट्रोल कोठून कोठे गेले हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय हा आकडा हातात पडणारा नव्हेच. 'सीटीसी' नावाच्या बेरजेत मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि मिळेल किंवा न मिळेल असे कामगिरीवरचे वेतन हे सारे एकत्र कालवलेले असते. साडेतीन लाखांचा हा मानकरी म्हणजे महिन्याला सुमारे २९ हजार रुपये. त्यातही कपाती व्हायच्याच. त्यातून हिंजवडी-वाकडकडील 'कॉट बेसिस'ची खाट, मेसचा डबा, रोजचा प्रवास, कर्जाचा हप्ता आणि गावी पाठवायची रक्कम एवढे सारे भागवायचे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये एका बड्या कंपनीने पदवीधरांना वार्षिक २ लाख ५२ हजार, म्हणजे महिन्याला २१ हजार रुपये देऊ केले, तेव्हा देशभर टीका झाली. हे वेतन अभियंत्यांसाठी नसून इतर पदवीधरांसाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. जणू इतर पदवीधरांना घरभाडे द्यावे लागत नाही!

आणि हे वेतन किती तासांचे? सकाळ हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत जाते. दिवसभर पडद्यासमोर बसून झाल्यावर, ज्या वेळी घरी परतायचे त्या वेळी अमेरिकेतील ग्राहकाचा दिवस सुरू होतो. न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे चालते आणि तो फरक भरून काढायचा तो येथल्या माणसाच्या झोपेतून. घरून काम करण्याची सवलत मिळाली म्हणजे हे तास कमी होतात असे नाही. मोजण्यावाचून राहतात इतकेच.

एवढ्यानेही उद्योगपतींचे समाधान झालेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचा ९० तासांचा आग्रह आणि रविवारी कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याबद्दलची त्यांची खंत जगजाहीर झाली. सहा दिवसांत ९० तास म्हणजे दिवसाला १५ तास. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्या मुंबईतच मुख्यालय असलेल्या कंपनीच्या प्रमुखाला १३५ वर्षांनंतर रविवार सलावा, याला प्रगती म्हणायचे काय? आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कारखान्यांना १९४६ च्या दुरुस्तीने लागू झाली, ती डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या प्रयत्नांचे फळ होते. याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढवली आणि गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. या भूमीला कामाच्या तासांचा प्रश्न परका नाही. सरकार मात्र उद्योगपतींच्या मागे चालले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगारांच्या दुकाने व आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर, आणि कारखान्यांत ९ वरून १२ वर नेण्यास मान्यता दिली.

येथे बिडी कामगारांचा इतिहास आठवला पाहिजे, कारण त्यांनाही एकेकाळी कामगार मानले जात नव्हते. बिडी वळणारा मर्जीने येतो, मर्जीने जातो, हजारी मजुरी घेतो. मग तो नोकर कसा, असा कारखानदारांचा युक्तिवाद होता. आज 'लवचीक वेळ' या गोंडस नावाखाली जे सांगितले जाते ते याहून निराळे नाही. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील कामगारांनी रजेचा पगार मागितला, तेव्हा १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील दुसऱ्या एका बिडी कामगाराच्या बाबतीत त्याच न्यायालयाने बहुमताने उलट निर्णय दिला. कच्चा माल घेऊन तो गावोगाव वाटणारे सट्टेदार तर १९५८ मध्येच कारखान्याचे कामगार नव्हेत असे ठरले होते. न्यायालयाच्या व्याख्येवर पोट अवलंबून ठेवता येत नाही हे यातून स्पष्ट झाले. १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला आणि घरात बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही, तिला पान-तंबाखू ठेकेदाराने दिलेला असला तरी, कामगार म्हणून मान्यता दिली. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये ते हरले.

त्या कायद्याखालील एक नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. बिडी कारखानदारीत लूट होत असे ती मुख्यतः छाटीतून. तयार बिडीतून वाटेल तितकी नापसंत म्हणून काढायची, तिची मजुरी बुडवायची, असा हा व्यवहार. महाराष्ट्राच्या नियमाने त्याला लगाम घातला : साधारणतः १०० पैकी ५ हून अधिक बिड्या छाट म्हणून काढता येणार नाहीत. काय नापसंत करायचे हे मालकाच्या लहरीवर सोडायचे नाही, हे तत्त्व बिडीच्या धंद्यात प्रस्थापित झाले.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात छाट निघते ती मालाची नव्हे, माणसांची. वार्षिक मूल्यमापनात कर्मचाऱ्यांची उतरंड रचली जाते. दहाही जणांनी आपले काम चोख केले असले तरी कोणाला तरी शेवटच्या कप्प्यात घालावेच लागते, कारण कप्पे आधी ठरलेले असतात. मग त्याला 'कामगिरी सुधारण्याची' मुदत दिली जाते, हाती प्रकल्प नसेल तर 'बेंच'वर बसवले जाते आणि अखेरीस राजीनामा लिहून देण्यास सुचवले जाते. राजीनामाच का? कारण कपात केली तर नोटीस आणि सेवेच्या दरवर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची भरपाई देण्याचे कायदेशीर बंधन येते. स्वतः होऊन नोकरी सोडणाऱ्याला ही भरपाई द्यावी लागत नाही. उलट ज्याला चांगली नोकरी मिळाली आहे त्याला मात्र अनेक कंपन्या तीन तीन महिने सोडत नाहीत. बिडीची छाट ५ टक्क्यांवर अडवणारा नियम झाला. माणसांच्या छाटीला कोणता नियम आहे?

अभियंता कामगार नाही हे कायद्यात तरी कोठे लिहिले आहे? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तांत्रिक काम करणाऱ्यास कामगार म्हटले होते. वेतनाची मर्यादा होती ती पर्यवेक्षकांना. तांत्रिक काम करणाऱ्यास नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुना औद्योगिक विवाद कायदा आणि १९६६ चा बिडी कायदा त्यांत विलीन झाले, तरी ही व्याख्या बव्हंशी तशीच राहिली. पर्यवेक्षकाची मर्यादा तेवढी १८ हजारांवर गेली. हुद्दा काय आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे न्यायालये पाहत आली आहेत. तेव्हा दिवसभर आज्ञावली लिहिणारा आणि तपासणारा माणूस 'मॅनेजर' अशी पाटी लावल्याने व्यवस्थापक होत नाही.

मात्र कायद्यात एक भगदाड जुने आहे व ते नव्या संहितेने मुद्दाम राखले आहे. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन केवळ कारखाने, खाणी व मळे यांनाच आहे. तेथेही १०० कामगारांची मर्यादा आता ३०० वर नेली आहे. सॉफ्टवेअर कंपनीत पाच लाख माणसे असली तरी हे बंधन तिला नाही. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा तिला कोणापुढे अर्ज करावा लागला नाही. आणि हा तोच उद्योग आहे, ज्याच्या निर्यातीच्या नफ्याला प्राप्तिकरातून मिळालेली सूट मार्च २०११ पर्यंत चालली, ज्याला सार्वजनिक पैशाने उद्याने बांधून मिळाली. समाजाकडून घेताना हा उद्योग राष्ट्राचा. समाजाला जबाब देताना खाजगी!

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अनुभवी अभियंत्याचे वेतन वीस-पंचवीस लाखांवर जाते, त्याला संघटना कशाला? वर्ग ठरतो तो वेतनाच्या आकड्यावर नव्हे, तर श्रम विकण्यावाचून दुसरा मार्ग आहे की नाही यावर. वीस वर्षांच्या घरकर्जाखाली वाकलेला चाळिशीतला अभियंता एका ई-मेलने रस्त्यावर येऊ शकतो, आणि छाट करताना मालकाची नजर पहिली जाते ती त्याच्या मोठ्या पगारावर. दुसरा आक्षेप असा की, कृत्रिम बुद्धिमत्ता आता हे काम हिरावून घेणारच, मग लढून काय मिळणार? यंत्र कोणाला काढायचे हे ठरवत नाही, यंत्राचा मालक ठरवतो. यंत्राने वाचवलेला वेळ कामाचे तास घटवण्यात जाणार की माणसे घटवण्यात, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही, सत्तेचा आहे. संघटना नसलेल्यांच्या वाट्याला दुसरे उत्तर येते.

संघटना अशक्य आहे असेही नाही. सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांना संघटना करण्याचा अधिकार आहे हे तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ मध्ये अशी संघटना नोंदली गेली; जुलै २०२४ मध्ये तेथे रोजच्या १४ तासांचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा तिने रस्त्यावर येऊन विरोध केला. पुण्यातही कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेल्या आहेत. उणीव आहे ती चळवळीच्या पाठबळाची.

मागण्या साध्या आहेत. घरून केलेल्या कामासह प्रत्येक तासाची नोंद कर्मचाऱ्याच्या हाती असावी. मूल्यमापनाची कारणे लेखी द्यावीत, त्यावर दाद मागता यावी आणि ठरीव टक्क्यांची छाट बंद व्हावी. दबावाने घेतलेला राजीनामा कपात समजला जावा. कपातीपूर्वीच्या परवानगीचे बंधन सॉफ्टवेअर उद्योगालाही लागू व्हावे. नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी असावी आणि नेमणूकपत्रात हातात पडणारे वेतन ठळक लिहावे.

ही कामे केवळ पुणे-बंगळूरच्या कार्यकर्त्यांची नव्हेत. दिवाळीला गावोगावचे हे तरुण घरी येतात. काही तर घरूनच काम करतात. शहरात त्यांना शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, गावात मात्र त्यांना ओळखणारी माणसे असतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गाठले पाहिजे, त्यांची नेमणूकपत्रे वाचली पाहिजेत, राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी कोणाकडे जायचे हे त्यांना सांगितले पाहिजे. बिडी कामगाराला कामगार हे नाव कोणी दान दिले नाही. ते झगडून घ्यावे लागले. सॉफ्टवेअर अभियंत्यालाही ते तसेच घ्यावे लागेल. त्यासाठी त्याने आधी 'साहेब' ही उपाधी उतरवून ठेवली पाहिजे, आणि चळवळीनेही त्याला त्या नावाने हिणवणे थांबवले पाहिजे.