अंक आणि त्यांचीं नांवें

अंकांत लिहिलेली संख्या इंग्रजी शब्दांत म्हणून दाखविणारी आज्ञावली रचणें, हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आरंभींचा एक पाठ असतो. आम्हांस त्यांत यंत्राइतकीच भाषेची घडण दिसते.

४७२ ही संख्या घ्यावी. यंत्र शतकाचा अंक निराळा काढतें आणि उरलेल्या दोन अंकांस ‘सेव्हंटी’ व ‘टू’ हीं नांवें देतें. ‘वन’पासून ‘ट्वेंटी’पर्यंत वीस शब्द आणि ‘थर्टी’ ते ‘नाइंटी’ हे सात, अशा सत्तावीस शब्दांत नव्याण्णवपर्यंतचें काम भागतें. संख्या मोठी असल्यास उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले कीं झालें.

मराठीस एवढ्यानें भागत नाहीं. लाख-कोटींसाठीं पहिल्या तीन अंकांपुढें दोन-दोनांचे गट पाडणें सोपें आहे. परंतु एक ते नव्याण्णव हीं सारीं नांवें यंत्रास तोंडपाठच करवावीं लागतात. हे शब्द संस्कृतांतून झिजत आलेले. ‘द्विसप्तति’चें ‘बाहत्तर’ झालें. त्यांत दोन आधीं आणि सत्तर मागून, पण लिहितांना सात आधीं. ‘एकोणतीस’ म्हणजे एकानें उणे तीस. तेथें लिहावयाचे दोन आणि नऊ, कानावर येतात ते मात्र तीस. ‘एकोणनव्वद’पर्यंत हाच क्रम चालतो आणि ‘नव्याण्णव’पाशीं मोडतो. म्हणून बाहत्तर ऐकून २७ लिहिणारें मूल मंदबुद्धि समजूं नये. तें ऐकल्या क्रमानेंच लिहीत असतें.

२०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत रूढ शब्दांच्या जोडीस ‘सत्तर दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनीं तिचें समर्थन केलें. भाषा बुडाली असें अनेकांस वाटलें. आमच्या भागास तरी ही रीत अनोळखी नसावी. नांदेड जिल्ह्यांत देगलूर-धर्माबादकडे तेलुगू कानीं पडते, लातूर जिल्ह्यांत उदगीर-निलंग्याकडे कानडी. तेलुगूंतील ‘डेब्बै रेंडु’ आणि कानडींतील ‘एप्पत्तेरडु’ या दोहोंचा शब्दशः अर्थ सत्तर-दोनच आहे.

आम्हांस खरी चिंता निराळीच आहे. आजी ‘एकोणसत्तर रुपये’ म्हणते आणि इंग्रजी शाळेंत जाणारा नातू ‘म्हणजे सिक्स्टी नाइन?’ असें विचारतो. त्याला ‘सत्तर दोन’ही येत नाहीं आणि ‘बाहत्तर’ही येत नाहीं.

यास्तव घरांतील वडीलधाऱ्यांस आमची सूचना अशी: आधीं ‘सत्तर आणि दोन’ म्हणून अर्थ समजावून द्यावा, मग ‘बाहत्तर’ हा शब्द द्यावा. बावीस, बत्तीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर यांतील ‘ब’ म्हणजे दोन, हें मुलांकडूनच शोधवून घ्यावें. किराण्याची यादी, पंचांगांतील तिथि-तारखा, गाडीचें भाडें हीं सर्व मराठींत मोठ्यानें म्हणावीं. यंत्रास तक्ता एकदां दिला कीं पुरतो. मुलांच्या कानांवर मात्र हे शब्द रोज पडावे लागतात.