सूर्यावरचा भडका आणि सातपुड्यातली वनजमीन

सूर्यावर मोठा भडका उडाला की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो, "आज रात्री मोबाईल बंद ठेवा, किरणं येणार." मंडळी, असलं काही नसतं. ती किरणं वातावरण वरच अडवतं. पण वर जे घडतं, त्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहेच.

भडक्यातले क्ष-किरण आणि अतिनील किरण ८ मिनिटांत इथे पोचतात. साधारण ६० किलोमीटरच्या वर हवेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो थर म्हणजे आयनांबर. दिवस असलेल्या बाजूला तो एकदम दाट होतो. शॉर्टवेव्ह रेडिओ मुका होतो आणि जीपीएसचा सिग्नल त्यातून येताना रेंगाळतो. सिग्नल रेंगाळला की जागा चुकते. मे २०२४ मध्ये अशा भडक्यांपाठोपाठ भूचुंबकीय वादळ आलं, तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले.

त्यात आपली जागाही अशी, की विषुववृत्तावरून वर उचललेले इलेक्ट्रॉन अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येऊन साचतात. म्हणजे आपल्या शेजारीच.

आता मुद्दा. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात वनहक्काचे प्लॉट जीपीएसने मोजले जातात. हातातल्या साध्या यंत्रात एरवीही काही मीटरची चूक असते. झाडी, दरी आणि वर बिघडलेला आयनांबर, मग ती वाढते. १०० मीटर लांब पट्टीची एक बाजू ५ मीटर आत सरकली तर जवळपास ५ गुंठे गेले. ज्याचं शेतच दीड-दोन एकर, त्याला हे परवडतं का? वर ऐकवतात, "मशीन खोटं बोलत नाही."

वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय की उपग्रह चित्रं आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हाताऱ्यांचा जबाब, बांध, जुनी झाडं हेसुद्धा पुरावेच.

तंत्रज्ञान नको असं माझं म्हणणं नाही. मोजणीच्या कागदावर तारीख, वेळ आणि यंत्राचं नाव लिहा. वाद असेल तर दुसऱ्या दिवशी, चांगल्या यंत्राने, वनहक्क समितीसमोर परत मोजा. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. मग एक तारीख लिहायला काय जड जातंय?

ज्यांचे दावे अडकलेत, त्यांनी आपल्या मोजणीची नक्कल मागा. तारीख बघा.