नुसती तार सोडून भागत नाही



उभ्या गाडीच्या बॅटरीची ऋण तार सोडली की झाले, सौर पॅनेल हा नसता खर्च, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला अजिबात मान्य नाही. तार सोडल्याने घड्याळ, अलार्म यांची गळती थांबते. बॅटरीचे आपोआप उतरणे थांबत नाही आणि उष्णतेत ते वाढतेच. इथे एग्मोरला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा उन्हात महिनोन्महिने उभ्या गाडीची लेड-ॲसिड बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली जाऊन तशीच राहिली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. मग चार्ज करूनही ते पुरते निघत नाही.

10 ते 20 वॅटचे पॅनेल ही तूट सहज भरून काढते. ते टपावर हवे, काचेआड नको. तारा फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडाव्यात, कारण किल्ली काढली की बऱ्याच गाड्यांचे लायटर सॉकेट बंद होते. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच: ‘12 व्होल्ट’ म्हणून मिळणारे पॅनेल भर उन्हात 20 व्होल्टच्या वर जाते. झाकलेल्या पार्किंगमध्ये मात्र पॅनेल कुचकामी.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. पावसाळ्यात या गाड्या उभ्या करणाऱ्यांपर्यंत ‘तार सोडा’ एवढाच सल्ला जाऊ नये, म्हणून हे पत्र.

– एक वाचक, एग्मोर, चेन्नई