साहेबांनाही कॉलवर घ्या
आमच्या शेजारचे नाना सोमवारी सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा भरून, जेवणाच्या टेबलाशीच कामाला बसले. अर्धांगवायूनंतरचा हा पाचवा महिना. समोर डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल आणि त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलगी: ‘काका, फाइल डाव्या हातानं उघडा. उजवा मध्ये घालू नका.’ फिजिओ हात हलवायला शिकवतो, ही मुलगी त्या हाताला नोकरीवर धाडते, हा फरक मला त्या दिवशी कळला. मधूनमधून सक्तीची विश्रांती, कारण झटक्यानंतरचा थकवा बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या थकव्याला आपल्याकडे आळस म्हणतात. (वहिनींनी फोडणी टाकली की सगळी तालीम खोकल्यात बुडते, ते वेगळं.) नानांची कचेरी सरकारी. तिथून एकच निरोप: ‘पूर्ण बरे व्हा, मग या.’ पूर्ण बरा माणूस त्या कचेरीत आधी तरी कोण होता? 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो, की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. जुनं काम जमेना तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. म्हणून माझं म्हणणं, त्या व्हिडिओ कॉलवर साहेबांनाही बसवा. शिकवणीची खरी गरज त्यांना आहे. बुधवारी नानांनी गळ्याजवळचं बटण एकट्यानं लावलं, मुलीनं टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं.