इन हॅन्ड की इन पोट?

मावशीकडे गेलं की तिचं एक वाक्य ठरलेलं असतं. "अरे, तुझ्या दादाला जेवायचे पैसेसुद्धा वेगळे मिळतात!" दादा म्हणजे माझा मावसभाऊ. एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर. त्याच्या युनिफॉर्मपेक्षाही मावशीला या जेवायच्या पैशांचं कौतुक जास्त.

परवा त्याच्याकडे टपकलो तर साहेब भरदुपारी घरी, बर्म्युडात, हातात पाण्याची दोन लिटरची बाटली. किडनी स्टोन! तुम्हाआम्हाला स्टोन झाला तर चार दिवस सिक लीव्ह. पायलटला झाला की औषधांसोबत एक शिक्काही मिळतो, 'टेम्पररी अनफिट'. पुन्हा मेडिकल क्लिअर होईपर्यंत कॉकपिट बंद. कॉकपिट बंद म्हणजे फ्लाइंग अलाउन्स बंद, लेओव्हर बंद, आणि मावशीचे ते लाडके जेवायचे पैसेही बंद. चालू काय, तर फक्त हप्ते.

"पण लोन घेताना हिशेब केला असशील ना?" मी विचारलं.

"बँकेने पगारावर होम लोन दिलं रे. कार आणि मॉड्युलर किचन मी धरलं लेओव्हरच्या पैशांवर. दर महिन्याला यायचेच ना! मला तो पगारच वाटायला लागला होता."

इथे मला एकदम माझीच आठवण झाली. पहिल्यांदा ऑनसाइट गेलो तेव्हा बॅगेत लॅपटॉपच्या आधी कुकर भरला होता. तीन महिने मूगडाळीची खिचडी खाल्ली आणि वाचलेल्या डॉलर्समधून कॅमेरा घेतला. दादाच्या फ्लाइट बॅगेतही छोटी किटली, ओट्स आणि मावशीचे मेथीचे लाडू असतात. हॉटेलच्या मेनूकार्डावरची सँडविचची किंमत बघायची, कार्ड मिटायचं आणि किटली लावायची. जे उरतं ते आपलं. मग त्याला पगार का म्हणायचं नाही?

कारण सोप्पं आहे, बॉस. ती कमाई नव्हती, ती आपण न भागवलेली भूक होती.

आणि 'पगार' म्हणण्यात कोणाचा फायदा आहे, तेही बघा. ऑफर लेटरवर एक जंगी आकडा असतो. त्यात सगळंच टाकलं की पॅकेज गुबगुबीत दिसतं. पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी निघते ती बेसिकवर, गुवाहाटीच्या हॉटेलात न खाल्लेल्या सँडविचवर नाही. म्हणजे गुबगुबीत आकड्याचं कौतुक आज, आणि बारीक बेसिकचा फटका रिटायरमेंटला.

मग ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या फिरत्या नर्सेसची एक केस मला भलतीच आवडते. एएमएन सर्व्हिसेस ही कंपनी त्यांना गावोगावच्या हॉस्पिटलांत पाठवायची आणि राहण्याखाण्याचा भत्ता द्यायची. पण शिफ्ट चुकली की भत्ता कापायची. शिवाय तोच भत्ता घर सोडून न गेलेल्या लोकल नर्सेसनाही मिळायचा. २०२१ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं, हा खर्च नाही, हा पगारच आहे. ओव्हरटाइमच्या हिशेबात धरा. करेक्ट! शिफ्ट चुकली म्हणून भूक थोडीच कमी लागते?

आता तीच पट्टी पायलटला लावा. अमेरिकेतल्या अनेक एअरलाइन्समध्ये हा भत्ता तासावर मिळतो, पण तास उडण्याचे नाहीत, घरच्या बेसपासून लांब असण्याचे. पायलट हॉटेलात घोरत असला तरी मीटर चालू. घरी आला की बंद. म्हणजे पैसे कामाचे नाहीत, घराबाहेर असण्याचे. तो झाला खर्च.

आपल्याकडेही रेघ साधारण अशीच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीएफच्या प्रकरणात सांगितलं की, जो भत्ता सगळ्यांना सरसकट आणि नेहमीच दिला जातो, तो बेसिकमध्येच धरायचा. नाव 'स्पेशल' दिलं म्हणून सुटका नाही. २०१९चा वेतन संहिता कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कम त्यात वेतनाबाहेर ठेवली आहे. मात्र वेतनाबाहेरचे हे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे भत्त्यांच्या पडद्याआड बेसिक लपवायचा फंडा आता अवघड.

म्हणून माझं मत ऐका. जेवणाचा भत्ता पगारात धरू नये. कंपनीने नाही, आणि आपणही नाही. पण फ्लाइंग अलाउन्स? तो तर चक्क कामाचा मोबदला आहे. दादाचं खरं भांडण तिथे असायला हवं. आजारपणात जेवणाचे पैसे थांबले याची तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण तो जेवायला घरीच आहे! तक्रार याची करावी की, विमान थांबलं की मागे उरणारा पगार इतका लहान का? २५ मार्च ते २४ मे २०२० देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, तेव्हा हा धडा सगळ्याच पायलटांनी एकदा घेतला होता. दादा विसरला. आपण सगळेच विसरतो.

निघताना मी त्याला एवढंच सुचवलं, लेओव्हरच्या पैशांचं अकाउंट वेगळं काढ. प्रवासात नीट जेव, पाणी पी. उरले तर ते अडीनडीला, हप्त्याला नाहीत. त्याने मान हलवली आणि बाटली तोंडाला लावली. कार विकायचं ठरतंय. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात तीच आली, डबा घेऊन. पोळ्या, भाजी आणि मुलाच्या डोळ्यांत न बघता हळूच पुढे केलेलं एक पाकीट. "असू दे रे," म्हणाली, "जेवायला."

दादाने डबा घेतला. पाकीट परत केलं. म्हणाला, "आई, जेवणाचे पैसे वेगळेच असतात ना? मग ते वेगळेच राहू देत."